चूक कळेपर्यंतचा काळ

गेल्या वर्षी कोथरूडचं घर सोडून आम्ही बाणेरला, मुलीच्या शेजारच्या इमारतीत राहायला आलो. सामान आवरताना माळ्यावरून एक बाड निघालं. स्पायरल बाइंडिंगचे तीन खंड, एकूण ६४० पानं, पहिल्या पानावर मार्च १९९८ ही तारीख आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दोन आद्याक्षरी सह्या. एक अमेरिकेतल्या क्लायंटच्या प्रतिनिधीची, दुसरी माझी.

या बाडाला आमच्या धंद्यात रिक्वायरमेंट डॉक्युमेंट म्हणत. गिऱ्हाइकाला काय हवं आहे ते आधी संपूर्ण लिहून काढायचं, दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या आणि मगच कोडची पहिली ओळ लिहायची, अशी रीत होती. हे गिऱ्हाईक म्हणजे गोठवलेले खाद्यपदार्थ साठवणारी एक कंपनी. कोणता माल गोदामात कुठे ठेवला, केव्हा बाहेर गेला, याची नोंद हातातल्या छोट्या यंत्रावर व्हावी असं सॉफ्टवेअर आम्ही पुण्यात बसून १४ महिने लिहिलं. ते बसवायला मी स्वतः गेलो होतो. गोदामात शून्याखाली २० अंश तापमान. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या एका माणसाच्या हातात मी यंत्र दिलं. मालाचा आठ आकडी क्रमांक त्याने टाइप करायचा होता. त्याने यंत्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि काही न बोलता यंत्र मला परत केलं. त्याच्या हातात जाड, अस्तर लावलेले हातमोजे होते. त्या हातमोज्यांचं एक बोट यंत्राच्या तीन-तीन बटणांवर एकदम पडत होतं.

त्या रात्री हॉटेलात बसून मी तिन्ही खंड चाळले. ६४० पानांत हातमोज्याचा उल्लेख एकदाही नव्हता.

हा किस्सा मी पुढे बरीच वर्षं हसत हसत सांगत आलो. तो पुन्हा गंभीरपणे आठवण्याचं कारण माझी पत्नी. आमची मुलगीही याच क्षेत्रात आहे. संध्याकाळी ती आमच्याकडे येते आणि बरोबर साडेसातला (अमेरिकेत उन्हाळा असला की साडेसहाला) आतल्या खोलीचं दार लावून घेते. मग आतून रोज तेच ऐकू येतं: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. याला स्टँड-अप म्हणतात, आणि हा ज्या पद्धतीचा भाग आहे तिला अजाईल. वाचकांपैकी अनेकांच्या घरी मुलं, सुना, जावई यांच्या तोंडून हा शब्द कानावर पडत असेल. माझ्या पत्नीने ३० वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तिने एकदा विचारलं, "हे अजाईल म्हणजे नक्की काय हो?" मी म्हटलं, चपळ. "चपळ मांजर असतं," ती म्हणाली, "सॉफ्टवेअर कसं चपळ असेल?"

मला उत्तर देता येईना. ज्या धंद्यात अख्खी नोकरी गेली त्यातल्या सर्वांत प्रचलित शब्दाचा अर्थ मला घरच्या माणसाला सांगता येत नव्हता. निवृत्तीमुळे वेळ होता, म्हणून मी जुने निबंध आणि अहवाल मिळवून वाचू लागलो.

सुरुवात गार्मिशपासून करतो. जर्मनीतल्या आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या या गावात ऑक्टोबर १९६८ मध्ये नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. ११ देशांतली पन्नासेक माणसं जमली होती. संगणक यंत्रं झपाट्याने मोठी होत होती, आणि त्यांवर चालणारे प्रोग्रॅम मात्र उशिरा, महागात आणि चुकांनी भरलेले मिळत होते. आयबीएमच्या 'ओएस/३६०' या एका कार्यप्रणालीवर १९६३ ते १९६६ या काळात सुमारे ५,००० मनुष्यवर्षं खर्ची पडली होती, आणि तरी ती वेळेवर आली नव्हती. ते काम सांभाळणारे फ्रेड ब्रुक्स यांनी पुढे १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं लावली की उशीर वाढतो, हे त्यांचं निरीक्षण आजही प्रत्येक मॅनेजरला पाठ असतं आणि प्रत्येक मॅनेजर आणखी माणसं लावतोच.

'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द गार्मिशच्या परिषदेच्या नावात होता आणि तो मुद्दाम डिवचण्यासाठी योजला होता. पूल बांधणारे जसे शास्त्राच्या आधारे, शिस्तीने बांधतात तसे आपण का बांधत नाही, असा त्यात प्रश्न होता. प्रश्न चांगलाच होता. पण त्याबरोबर पुलाची प्रतिमाही आमच्या डोक्यात जाऊन बसली. पुलाचा आराखडा आधी पूर्ण होतो, मग खांब उभे राहतात, आणि खांब उभे राहिल्यावर नदीने आपला विचार बदलला असं होत नाही.

आता विन्स्टन रॉइस. या माणसाकडे मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण माझ्या ६४० पानांचा वंश थेट त्याच्यापर्यंत पोचतो, निदान मी तसं समजत होतो. रॉइस टीआरडब्ल्यू या कंपनीत अंतराळयानांच्या मोहिमांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत. ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या 'वेस्कॉन' परिषदेत त्यांनी मोठी सॉफ्टवेअर कशी सांभाळावीत यावर एक निबंध मांडला. पानं अवघी अकरा. त्यातल्या दुसऱ्या आकृतीत सात चौकोन पायऱ्यांसारखे डावीकडून उजवीकडे उतरत जातात: आधी संपूर्ण यंत्रणेच्या गरजा, मग सॉफ्टवेअरच्या गरजा, मग विश्लेषण, आराखडा, कोड, चाचणी आणि शेवटी वापर. पाणी पायरीपायरीने खाली पडावं तशी ही आकृती दिसते. तिलाच पुढे 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा हे नाव पडलं. रॉइस यांच्या निबंधात हा शब्द कुठेही नाही.

आमच्या प्रशिक्षणात हीच आकृती फळ्यावर काढली जायची आणि खाली रॉइस १९७० असं लिहिलेलं असायचं. मूळ निबंध मी निवृत्त झाल्यावर प्रथम वाचला. आकृतीच्या लगेच पुढे रॉइस सांगतात की ही कल्पना आपल्याला पटते, पण ती अशीच राबवणं धोक्याचं आहे आणि अपयशाला आमंत्रण आहे. कारण चाचणी अगदी शेवटी येते. यंत्र प्रत्यक्षात किती वेळ घेतं, किती स्मृती खातं, हे तोवर कुणी अनुभवलेलंच नसतं. आणि तिथे गडबड निघाली तर थेट आराखड्यापर्यंत, कदाचित गरजांपर्यंत मागे जावं लागतं. निबंधाचा उरलेला भाग या आकृतीची दुरुस्ती करण्यात गेला आहे. एक दुरुस्ती अशी की काम दोनदा करा. ३० महिन्यांचं काम असेल तर त्यातले १० महिने एक छोटा नमुना बनवण्यात घालवा आणि गिऱ्हाइकाला खरी वस्तू दुसऱ्या खेपेची द्या. दुसरी अशी की गिऱ्हाइकाला मध्येमध्ये सामील करून घ्या, शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नका.

म्हणजे ज्या आकृतीखाली आम्ही त्यांचं नाव लिहीत होतो ती त्यांनी नाकारण्यासाठी काढली होती. शेवटच्या आकृतीत मागे जाणाऱ्या बाणांची एवढी गर्दी आहे की फळ्यावर ती कुणी काढली नसती.

अलीकडे काही उत्साही मंडळी रॉइस यांना अजाईलचे आद्य पुरस्कर्ते ठरवू लागली आहेत. तेही मला पटत नाही. हेच रॉइस त्याच निबंधात म्हणतात की ५० लाख डॉलरचं हार्डवेअर घ्यायला ३० पानांचं वर्णन पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला १,५०० पानं लागतील. माझी ६४० पानं पाहून त्यांनी कदाचित उरलेली कुठे आहेत असं विचारलं असतं.

मग दुसरी आकृतीच का टिकली? माझं उत्तर असं की तिच्यावर कंत्राट लिहिता येतं. प्रत्येक चौकोन संपला की सही, सहीनंतर हप्ता. मागे जाणाऱ्या बाणाचे पैसे कुणी द्यायचे हे कंत्राटात लिहिता येत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये 'डीओडी-एसटीडी-२१६७' हे प्रमाणक काढलं आणि त्यात पायऱ्या उतरत जाण्याचीच रीत घट्ट बसली. जगातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक जे मागतं ते कंत्राटदार देतात, पाठ्यपुस्तकं छापतात आणि १५ वर्षांनी पुण्यातल्या एका प्रशिक्षण वर्गात फळ्यावर उमटतं. ते प्रमाणक लिहिणाऱ्या प्रमुख लेखकाने पुढे त्याबद्दल खेद व्यक्त केला. थोड्या थोड्या फेऱ्यांत काम करण्याची पद्धत त्याच्या फारशी परिचयाचीच नव्हती.

खरं तर ती पद्धत वॉटरफॉलपेक्षाही जुनी होती. क्रेग लार्मन आणि व्हिक्टर बॅसिली यांनी २००३ मध्ये तिचा एक छोटा इतिहास लिहिला. त्यातली एक गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठून बसलो. अमेरिकेने माणूस प्रथम अंतराळात पाठवला तो 'मर्क्युरी' प्रकल्प, १९६० च्या आसपासचा. त्याचं सॉफ्टवेअर अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यांत लिहिलं गेलं. सकाळी आधी चाचणी लिहायची, मग ती चाचणी उत्तीर्ण होईल एवढाच कोड. स्पेस शटलचं मुख्य उड्डाण सॉफ्टवेअर १९७७ ते १९८० या काळात ३१ महिन्यांत १७ फेऱ्यांत तयार झालं, कारण शटलच्या गरजाच काम चालू असताना बदलत होत्या. त्या कामात कागदपत्रांचीही कमतरता नव्हती. कागद आणि फेऱ्या यांचं वैर नंतरच्या भांडणात निर्माण झालं.

एक धागा जपानमधून येतो. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक लेख लिहिला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्या नवी वस्तू लवकर आणि चांगली कशी काढतात हे त्यांनी पाहिलं होतं. रिले शर्यतीत एक धावपटू दुसऱ्याच्या हातात काठी देतो तसं एका खात्याने दुसऱ्या खात्याकडे काम सरकवण्याऐवजी, रग्बीत संपूर्ण संघ चेंडू पुढेमागे फेकत एकत्र सरकतो तसं या कंपन्यांचं काम चाले. त्या लेखात सॉफ्टवेअरचा विषय नाही. पण १९९३ मध्ये ईझल नावाच्या अमेरिकी कंपनीत जेफ सदरलँड यांनी त्यातली रग्बीची उपमा उचलली आणि आपल्या संघाच्या कामाला 'स्क्रम' म्हटलं. सदरलँड व्हिएतनाम युद्धात लढाऊ विमानाचे वैमानिक होते. त्यांनी आणि केन श्वाबर यांनी १९९५ मध्ये ही पद्धत जाहीरपणे मांडली. मुलीच्या तोंडचे स्प्रिंट, स्टँड-अप हे सगळं तिथलं. स्प्रिंट म्हणजे ठरावीक मुदतीची, बहुतेक ठिकाणी पंधरवड्याची, फेरी. तिच्या शेवटी चालणारं काहीतरी दाखवायचंच.

दुसरा धागा डेट्रॉइटचा. क्रायस्लर या मोटार कंपनीची पगाराची जुनी यंत्रणा बदलायचं काम रखडलं होतं. १९९६ मध्ये केंट बेक यांना बोलावलं गेलं. त्यांनी रॉन जेफ्रीज यांना सोबत घेतलं आणि चांगल्या म्हणून माहीत असलेल्या सवयी टोकाला नेल्या. कोड तपासून घेणं चांगलं, तर मग दोघांनी एकाच पडद्यापुढे बसून लिहा, म्हणजे तपासणी सतत चालेल. चाचणी चांगली, तर मग कोडच्या आधी लिहा. गिऱ्हाइकाशी बोलणं चांगलं, तर मग त्याला खोलीतच बसवा. याला नाव पडलं 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग'. १९९७ मध्ये सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचे पगार या यंत्रणेतून निघू लागले. ज्या प्रकल्पातून ही पद्धत जन्मली तो क्रायस्लरने फेब्रुवारी २००० मध्ये बंद केला. सगळ्या कर्मचाऱ्यांपर्यंत तो पोचलाच नाही. पद्धतीचे प्रचारक हे सहसा सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

अशा पाच-सहा पद्धती नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या ठिकाणी उगवल्या होत्या. त्यांना एकत्रितपणे 'लाइटवेट' म्हणजे हलक्या पद्धती म्हणत. त्यांच्या कर्त्यांना एकत्र बसवण्यासाठी रॉबर्ट मार्टिन यांनी पत्रव्यवहार सुरू केला. जागेवरून बरीच घासाघीस झाली: शिकागो थंड आणि कंटाळवाणं, कॅरिबियनमधलं अँग्विला उबदार पण फार लांब. शेवटी युटा राज्यातलं स्नोबर्ड ठरलं, थंड पण निदान बर्फावर घसरायला मिळेल म्हणून. ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या तीन दिवसांत तिथे १७ जण जमले. सगळे पुरुष. आपापल्या पद्धतीची पुस्तकं विकणारे, सल्ला देऊन पैसे मिळवणारे, म्हणजे एका अर्थी एकमेकांचे स्पर्धक. कशावरही एकमत होईल अशी त्यांची स्वतःचीच अपेक्षा नव्हती.

पहिला वाद नावाचा. 'हलकी पद्धत' म्हटलं की करणारेही हलकेच वाटतात, ही ॲलिस्टर कोबर्न यांची तक्रार. 'ॲडॅप्टिव्ह' हा शब्दही चर्चेत होता. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणारी, असा त्याचा अर्थ. शेवटी 'अजाईल' ठरला. मार्टिन फाउलर हे ब्रिटिश गृहस्थ म्हणाले की बहुतेक अमेरिकनांना हा शब्द नीट उच्चारता येणार नाही. माझ्या मते 'ॲडॅप्टिव्ह' अधिक खरा होता. 'अजाईल'मध्ये वेगाचा भास आहे आणि त्या भासाने पुढे फार घोटाळा केला. पत्नीचा मांजराचा आक्षेप मला इथे पटला.

त्यांनी जो जाहीरनामा काढला तो पोस्टकार्डावर मावेल एवढा आहे. आशय असा: कार्यपद्धती आणि साधनं यांच्यापेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद महत्त्वाचा, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कंत्राटाच्या वाटाघाटींपेक्षा गिऱ्हाइकाबरोबरचं सहकार्य, ठरलेल्या योजनेला चिकटण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. आणि खाली एक समंजस पुस्ती, की डाव्या बाजूला आम्ही जास्त मान देतो, पण उजवीकडच्या गोष्टींनाही किंमत आहे. ही पुस्ती विसरून कागदपत्रांना सुट्टी देणारे संघ मी पाहिले आहेत. त्यांचं सॉफ्टवेअर दोन वर्षांनी त्यांनाच कळत नसे.

एवढं वाचून झाल्यावर मी पत्नीला पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. पंचकार्डाच्या काळात प्रोग्रॅमरने कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि स्वल्पविराम चुकला हे दुसऱ्या दिवशी कळायचं. आमच्या गोदामाच्या कामात हातमोज्यांची चूक कळायला १४ महिने लागले. पंधरवड्याच्या फेरीत ती १५ दिवसांत कळली असती. आधी लिहिलेली चाचणी काही मिनिटांत चूक दाखवते आणि शेजारी बसलेला जोडीदार काही सेकंदांत. या साऱ्या पद्धतींतला समान भाग मला हाच दिसतो: चूक करण्याचा क्षण आणि ती कळण्याचा क्षण यांतलं अंतर कमी करायचं. "म्हणजे ट्रायल," ती म्हणाली. "आमचा शिंपी कच्ची टीप घालून आधी बोलावतो. घालून बघा, हात वर करा, इथे घट्ट होतंय का. मग पक्की शिलाई." याहून सोपी व्याख्या मला कुठल्याही निबंधात मिळाली नाही. फक्त एक भर घालतो, की सॉफ्टवेअरचं गिऱ्हाईक कपडा अंगावर चढवेपर्यंत त्याला शर्ट हवा आहे की कोट हेच पुष्कळदा ठरलेलं नसतं.

हे सगळं अमेरिकेत घडत असताना आम्ही इथे काय करत होतो? आम्ही वेगळ्या शिडीवर चढत होतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकाराने 'कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल' तयार झालं होतं, पाच पायऱ्यांचं. सॉफ्टवेअर बनवणारी संस्था किती भरवशाची हे संरक्षण खात्याला पारखता यावं म्हणून. बंगळूरचं मोटोरोलाचं केंद्र नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातच पाचव्या पायरीवर पोचलं, आणि दशक संपेपर्यंत भारतीय कंपन्यांत त्या पायरीसाठी चढाओढ लागली होती. ऑडिटच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात रात्री बारापर्यंत फायली पूर्ण केल्या जात, मागच्या तारखा घालूनसुद्धा.

यावर हसणं सोपं आहे, पण मी हसत नाही. १२,००० किलोमीटरवरच्या, आमची नावं धड उच्चारता न येणाऱ्या माणसाने आमच्यावर विश्वास ठेवावा तरी कशाच्या जोरावर? कागद ही आमची पत होती. स्नोबर्डच्या १७ जणांनी समोरासमोरच्या बोलण्यावर भर दिला तेव्हा एकाच खोलीत बसलेली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. फाउलर यांच्या कंपनीने पुढे बंगळूरला केंद्र काढलं, आणि दूर बसून हे कसं जमवायचं यावर त्यांनी अनुभवाचा एक लेख लिहिला. दोन्हीकडची माणसं राजदूतांसारखी सतत इकडून तिकडे पाठवत राहा, असा त्यांचा सल्ला होता. आमच्याकडे व्हिसा आणि विमानाचं तिकीट ही बढतीसारखी वाटली जाणारी वस्तू होती.

आणि आता त्या बाडाबद्दल जे मी किस्सा सांगताना गाळत आलो ते. तिसऱ्या खंडाच्या मागच्या खिशात एक घडी घातलेला कागद निघाला. मे १९९८ चा, क्लायंटला पाठवायच्या प्रश्नांचा. टीममधल्या सगळ्यांकडून प्रश्न मागवून मी यादी केली होती, ३१ प्रश्नांची. त्यांतला एकोणिसावा आमच्याकडे नव्यानेच लागलेल्या एका मुलीचा होता: हे यंत्र हातात धरणारे लोक कुठे उभे राहून काम करतात, आणि ते काम आपल्याला बघता येईल का? त्यावर पेन्सिलची एक सरळ रेघ आहे. रेघ माझी आहे. डॉक्युमेंटवर सह्या होऊन गेल्या होत्या. हा प्रश्न पाठवला असता तर काहीतरी नवीन निघालं असतं, चेंज रिक्वेस्ट काढावी लागली असती, पैसे कुणाचे यावर पत्रापत्री झाली असती, आणि ही बाब आधी का विचारली नाही असं मला विचारलं गेलं असतं. तिला मी म्हटलं होतं, "हे आपल्या स्कोपमध्ये येत नाही." ती "बरं, सर" म्हणाली होती.

अजाईलने असे प्रश्न वाचवले का? काही ठिकाणी नक्की. एफबीआयच्या गुन्हे-नोंदींच्या यंत्रणेचं उदाहरण सरकारी अहवालांत सविस्तर आहे. पहिला प्रयत्न सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. 'सेंटिनल' हा दुसरा प्रयत्न लॉकहीड मार्टिनला दिला गेला, ४५ कोटी डॉलरचा. २०१० पर्यंत त्यातले ४० कोटींच्या आसपास संपले होते आणि चार टप्प्यांपैकी दोनच हातात आले होते. तेव्हा एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, छोटा संघ आपल्याच इमारतीत बसवला, पंधरा-पंधरा दिवसांच्या फेऱ्या लावल्या, आणि जुलै २०१२ मध्ये यंत्रणा चालू झाली. सांगितलेल्या तारखेपेक्षा उशिरा, पण चालू झाली.

आणि काही ठिकाणी नाही. स्नोबर्डनंतर दोन-तीन वर्षांतच दोन दिवसांच्या वर्गात 'स्क्रममास्टर'ची प्रमाणपत्रं मिळू लागली. त्या १७ जणांपैकी डेव्ह थॉमस यांनी २०१४ मध्ये लिहिलं की या शब्दाचा आता काही उपयोग उरलेला नाही, विशेषणाचं नाम झालं आणि नामाचा बाजार झाला. माझ्या शेवटच्या नोकरीतही अजाईल आलं ते वरून, एका परिपत्रकाने. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या. कामाचा अंदाज घेण्यासाठी असलेल्या 'पॉइंट्स'वरून एका संघाची दुसऱ्याशी तुलना सुरू झाली, तेव्हा सगळ्यांनी अंदाज फुगवले. उभ्याने करायची सकाळची दहा मिनिटं ही हजेरी झाली. पंधरवड्याअखेर काय चुकलं हे मोकळेपणाने बोलायची बैठक असते. तीत एका तरुणाने गिऱ्हाइकाची गरज आपल्यालाच नीट समजलेली नाही असं सांगितलं. अप्रेझलमध्ये ते वाक्य त्याच्यापुढे ठेवलं गेलं. पुढच्या बैठकीपासून सगळं छान चाललं होतं. त्या अप्रेझलच्या टेबलावर मीही होतो. मी विरोध केला, पण बसल्या बसल्या, हळू आवाजात.

एकोणिसाव्या प्रश्नाचा कागद सापडल्यावर ती मुलगी (आता पन्नाशीला आली असेल) कुठे असते याची मी चौकशी केली. जुन्या सहकाऱ्यांकडून नंबर मिळाला. कागदाचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं की ही रेघ माझी आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं. "सर, हा प्रश्न मी विचारला होता हे मला अजिबात आठवत नाही. पण तुम्ही हातमोज्यांचं नेहमी सांगायचात. मला एक कधी कळलं नाही. त्या गोदामातल्या माणसांनी पुढे काय केलं?"

मी लिहिलं, आमची यंत्रं कपाटात गेली. भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या कागदावर त्यांनी नोंदी चालू ठेवल्या, हातमोज्यात धरता येईल अशा सुताराच्या जाड पेन्सिलीने. त्या थंडीत पेन चालत नाही.